इग्निशन मॉड्यूल घरीच बदललं, मॉड्यूल ठीक आहे पण पेस्टची पुडी कुठाय?

जुनी पेट्रोल गाडी, मॉड्यूल (स्पार्कसाठी कॉईलचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक पार्ट) डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना स्पार्क वाटून देणाऱ्या भागाच्या, आत बसणारं. बसवून काही महिने झाले म्हणून आता लिहितोय.

लक्षणं आधी सांगतो कारण पैसे तिथेच गेले. इंजिन थंड असताना झकास, तापलं की चालता चालता बंद, थोडा वेळ उभी केली की परत चालू, जसं काही झालंच नाही. गॅरेजवाल्याने फ्युएल पंप बदलून बिल हातात दिलं, दुखणं तसंच. अहो पेट्रोल कमी पडलं तर गाडी बहुतेक वेळा आधी आचके देते, ही एका झटक्यात जायची आणि गियरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा धाडकन शून्यावर, म्हणजे इंजिन फिरत असतानाही इग्निशनचा सिग्नलच गायब! बंद पडल्या पडल्या तपासलं तर स्पार्क नाही, कॉईलला १२ व्होल्ट येतायत, पिकअप कॉईलपण (मॉड्यूलला स्पार्कची वेळ कळवणारा सेन्सर) बरोबर. मॉड्यूल दुकानातल्या मशीनवर पास झालं, मग हेअर ड्रायरने तापवून परत लावायला सांगितलं तेव्हा फेल.

काम सोपंय. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कॅप वायरींसकट बाजूला करा, रोटर उचला, दोन स्क्रू, कनेक्टर, झालं. डिस्ट्रिब्युटर फिरवू नका म्हणजे टायमिंगला हात लागत नाही.

आता मुद्द्याचं. बॉक्समध्ये मॉड्यूलखाली लावायची, उष्णता वाहून नेणारी पेस्ट नाही! मॉड्यूलच्या आतला ट्रान्झिस्टर कॉईलचा करंट चालू-बंद करतो, त्याची उष्णता खालच्या धातूच्या पत्र्यातून बॉडीत जायला हवी, मधे हवा राहिली की तापून मरतो. माझ्या जुन्याखाली पेस्ट चुन्यासारखी वाळून भुगा झालेली, म्हणजे तो का गेला ते दिसतंच होतं. कस्टमर केअर म्हणे पूर्ण मॉड्यूल परत पाठवा. एका पुडीसाठी? शेवटी कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला लावतात ती थर्मल पेस्ट घरात पडलेली, तीच पातळ थर देऊन लावली. बेस आधी घासूनपुसून चकचकीत करा, बऱ्याच मॉड्यूलना अर्थिंगपण त्या स्क्रूंमधूनच मिळतं.

तेव्हा दोनच स्टार देणार होतो, कनेक्टरचं लॉकही जरा ढिलं वाटलं होतं आणि लोकल माल किती टिकणार ही शंका होतीच. पण भर उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभी राहिली, एकदाही बंद नाही, गरम असतानाही एका सेल्फमध्ये स्टार्ट. परवा कॅप काढून बघितलं, लॉक जागच्या जागी. त्यामुळे चार. पाचवा पुडीचा, तो नाही म्हणजे नाही.

आणि नवीन बसवायच्या आधी कॉईलच्या प्रायमरी (१२ व्होल्टच्या बाजूच्या) गुंडाळीचा रेझिस्टन्स मोजा, मॅन्युअलमधल्यापेक्षा कमी आला तर कॉईलपण बदला, नाहीतर जास्त करंट ओढून ती नवं मॉड्यूलही खाईल आणि इलेक्ट्रिकल पार्ट बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत.