नवे कॅलिपर म्हणून जुन्यावरच रंग मारून दिला

बाबांची वॅगनआर २००८ सालची. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती माझ्याकडे आली. डिसेंबरात ती सरळ रस्त्यावरसुद्धा डावीकडे ओढायला लागली. सिग्नलला थांबलं की पुढच्या डाव्या चाकातून करपल्यासारखा वास यायचा.

पुण्यातच घराजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. मालकाने जॅक लावला आणि डावं चाक हाताने फिरवायला सांगितलं. मला ते हलेना. "ब्रेक चिकटलाय ताई. कॅलिपर जाम." कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्ही बाजूंनी पॅड दाबून ब्रेक लावणारा भाग. इथपर्यंत तो खरं बोलत होता, म्हणूनच त्याचं पुढचं सगळं मला खरं वाटलं. जुन्या मॉडेलचं दुरुस्तीचं किट (कॅलिपरचे रबरी भाग) आता मिळत नाही, दोन्ही बाजूंचे कॅलिपर अख्खे नवे टाकावे लागतील, असं त्याने सांगितलं. मी जरा घुटमळले, तर म्हणाला, "आईवडील बसतात ना या गाडीत? ब्रेकमध्ये पैसे बघू नका." त्या वाक्यापुढे मी काही बोलू शकले नाही.

संध्याकाळी चाक बसवायच्या आधी त्याने मुद्दाम बोलावून कॅलिपर दाखवले. चांदीसारखे चकचकीत. जुने कुठे आहेत विचारलं, तर म्हणे भंगारवाला दुपारीच घेऊन गेला. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी लागेल म्हणाला, म्हणून मी साध्या कागदावरची पावती घेतली: नवीन कॅलिपर २ नग, पॅड १ सेट, ब्रेक ऑइल, कॅलिपर सर्व्हिस ४ चाके, मजुरी. एकूण १३,४०० रुपये.

ती पावती मी तेव्हा नीट वाचायला हवी होती. या गाडीला डिस्क ब्रेक फक्त पुढच्या दोन चाकांना असतात. मागे ड्रम असतात, तिथे कॅलिपर नसतोच. मग चार चाकांची कॅलिपर सर्व्हिस झाली कशी?

मे महिन्यात आईबाबांना घेऊन पाचगणीला गेलो होतो. परतताना पसरणी घाट उतरताना तोच वास आला आणि पुढच्या वळणाला ब्रेकचा पेडल नेहमीपेक्षा खूप खाली गेला. मऊ, आत काही नसल्यासारखा. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडा ब्रेक लागला. गिअर खाली आणून हँडब्रेक हळूहळू ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूला उभी केली. डाव्या चाकातून धूर येत होता. बाबा पाण्याची बाटली घेऊन निघाले होते, त्यांना थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते. तासभर आम्ही तिथेच बसलो. आई एक शब्द बोलली नाही. तिचा हात माझ्या मनगटावर होता आणि थरथरत होता.

पेडल पुन्हा कडक लागायला लागल्यावर पहिल्या गिअरमध्ये वाईत उतरलो. तिथल्या गॅरेजच्या काकांनी चाक काढलं, कॅलिपरकडे पाहिलं आणि आधी मला मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावला. मग ब्रेक ऑइलमधली हवा (एअर) काढायच्या निपलजवळ स्क्रू ड्रायव्हरचं टोक घासलं. चंदेरी पापुद्रा निघाला, खाली तांबूस गंज. निपलच्या रबरी टोपीवरही तोच रंग होता, आणि पिनच्या बूटवर, म्हणजे तिच्या रबरी आवरणावर, रंगाचा एक ओघळ वाळून लोंबत होता. "ताई, हा नवा नाही. घासून स्प्रे मारलाय. नवा भाग कुणी रबरासकट रंगवत नाही."

उघडल्यावर उरलेलं कळलं. कॅलिपरमध्ये पॅड पुढे ढकलणाऱ्या पिस्टनभोवती एक चौकोनी काठाची रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित पिळली जाते, आणि सोडला की पूर्ववत होताना पिस्टनला मागे घेते. आमची रिंग कडक होऊन गेली होती आणि पिस्टनला गंजाचे खड्डे होते. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांना साधं काळं ग्रीस फासलेलं होतं. पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला चालत नाही, बूट फुगून मऊ झाले होते आणि पिना आत अडकल्या होत्या. त्यामुळे आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. खऱ्या अर्थाने नवे होते ते फक्त पॅड, आणि तेच वाया गेले.

बदललं म्हणून पैसे घेतलेलं ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी निघालं. नवं ऑइल फिकट पिवळं असतं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. चिकटलेला ब्रेक आणि घाटाचा उतार, ऑइलला उकळी फुटली, वाफ झाली, पाय दिल्यावर ती वाफच दाबली गेली आणि पेडल खाली गेला.

काकांनी उजवीकडचा पिस्टन साफ करून किट टाकलं. जे मिळतच नाही असं मला सांगितलं होतं, ते किट समोरच्या दुकानात होतं. डावा कॅलिपर मात्र नवाच घ्यावा लागला. खोका माझ्यासमोर फोडला, छापील किंमत दाखवली. मग नवे पॅड, पिनांना रबराला चालणारं ग्रीस, नवं ऑइल. एअर काढताना मुलगा पेडल दाबत होता, "मार, मार, धर" असं चाललेलं, आणि पारदर्शक नळीतून आधी बुडबुडे, मग तपकिरी आणि शेवटी स्वच्छ पिवळी धार आली. सगळं मिळून ५,६०० रुपये.

पुण्याच्या गॅरेजवाल्याला व्हिडिओ दाखवला, तर म्हणाला, वाईवाल्यानेच तुमचा नवा माल काढून घेतला असेल. पण व्हिडिओत कॅलिपर गाडीलाच लावलेला आहे, एकही नट सुटलेला नाही. काम सुरू होण्याआधीच चित्रीकरण करा असं म्हणूनच सांगतेय. जुने भाग गाडी देतानाच मागून ठेवा, नवा भाग खोक्यातून निघताना बघा, आणि कर वाचवायला पक्कं बिल सोडू नका. माझी केस तिथेच कमकुवत आहे. पैसे यूपीआयने दिले होते, तेवढा पुरावा हातात आहे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. गॅरेजवाल्याने दाद दिली नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क लागत नाही. वकिलाशिवायही चालतं. अर्ज मी स्वतः लिहिला, बाबांनी मराठी तपासलं.

त्या अर्जासोबत जोडलेल्या फोटोंतल्या वस्तू घरीच आहेत. वाईहून निघताना काकांनी न मागता तो डावा कॅलिपर, कडक झालेली रिंग आणि फुगलेले बूट वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातात दिले होते. "हे तुमचं आहे ताई," एवढंच म्हणाले.