सौभद्र: कात्री चुकीच्या जागी

कोथरूडला हौशी मंडळींचं ‘संगीत सौभद्र’ पाहिलं. किर्लोस्करांचं हे नाटक 1882 मध्ये पुण्यातच रंगमंचावर आलं. इथे दोन तासांत बसवलंय. पण कात्री पदांना, विनोद जसाच्या तसा!

मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता भाचा म्हणाला, ‘‘मावशी, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘शिकागो’ या संगीत नाटकाचं 1975 चं मूळ रूप कधीच बंद झालं, 1996 चं नवं अजून चालतंय.’’ अरे, पण त्यांनी नेपथ्य जवळपास काढलं, वादक रंगमंचावर बसवले. म्हणजे गाणं पुढे आणलं! इथे ऑर्गन विंगेत, स्पीकरमधून चिरकतोय.

सुभद्रा मात्र खणखणीत. ‘वद जाऊ कुणाला शरण’ला वन्समोअर मिळाला, तिने दिलाही. तिकीट तिथेच वसूल. बाल्कनी घेऊ नका, शब्द पोचत नाहीत.