चार्जर लावला की कर्सर नाचतो: मेटल बॉडीचा लॅपटॉप, गणपतीपासून शिमग्यापर्यंत

लॅपटॉप चांगला आहे, हे आधी सांगून टाकते. १४ इंची स्क्रीन, ॲल्युमिनियमची बॉडी, १६ जीबी रॅम, टाइप-सी चार्जिंग, आणि वजन असं की पिशवीत टाकून एसटीने जाता येतं. गणपतीच्या आधी घेतला, आता शिमगाही होऊन गेला. मधल्या काळात त्यावर मराठी टायपिंग, पुस्तकांची प्रुफं आणि भाषांतरं एवढंच काम झालं. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही, त्यामुळे प्रोसेसर किती पळतो हे मला विचारू नका. कीबोर्ड, बॅटरी आणि टचपॅडबद्दल मात्र भरपूर सांगण्यासारखं आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे येणार आहे ते मेटल बॉडी आणि मोठा टचपॅड असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर घडू शकतं, आणि नाव दिलं की सगळी चर्चा 'तो ब्रँड घ्यायलाच नको होता' या एका वाक्यावर येऊन थांबते.

कीबोर्ड: छान. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या एका कीबोर्ड मांडणीत, काना-मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला येतात, म्हणजे दोन्ही हात सतत चालू राहतात. अशा टायपिंगला कळा दबल्याचं बोटाला नीट कळावं लागतं, ते इथे कळतं. बॅटरी: वर्डसारख्या कामाला कामाचा दिवस जवळजवळ निघतो. स्पीकर यथातथाच. आता टचपॅड.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या एका गावात, जांभ्याच्या कातळावर. घरी लॅपटॉप चार्जिंगला लावला की कर्सर थरथरायचा. बोट सरळ नेलं तर कर्सर नागमोडी जायचा, एखादं अक्षर सिलेक्ट करायला गेलं की तीन ओळी निळ्या व्हायच्या, स्क्रोल करताना मध्येच पान मोठं व्हायचं, कारण एका बोटाची त्याला दोन दिसायची. चार्जर काढला की लॅपटॉप एकदम शहाणा. पुण्याला बहिणीच्या फ्लॅटमध्ये तर चार्जर लावूनही काही तक्रार नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये नेला, तिथेही नाही. त्यांनी ड्रायव्हर पुन्हा टाकून दिला, 'अपडेट करत राहा' म्हणाले आणि परत पाठवला. घरी आल्यावर पुन्हा नाच सुरू.

या सगळ्यातून मला उपयोगी पडलेला प्रश्न एकच: कर्सर बोट टेकलेलं असतानाच उडतो, की हात उचलल्यावरही आपला आपण फिरतो? दोन्ही तक्रारी ऐकायला सारख्या, पण कारणं पार वेगळी. माझा कर्सर बोट उचललं की जागच्या जागी थांबायचा. आणि आणखी एक गंमत: डाव्या हाताचा तळवा बॉडीच्या धातूवर टेकवून उजव्या हाताने टचपॅड वापरला की थरथर बरीच कमी व्हायची. त्याच बॉडीवर मनगट हलकेच घासलं तर धातू गुळगुळीत असूनही खरखरीत लागायचा, कधी बारीक मुंग्या यायच्या. टेस्टर टेकवला तर मंद पेटायचा.

कारण चार्जरमध्ये आणि भिंतीत आहे. टचपॅडच्या काचेखाली आडव्या-उभ्या इलेक्ट्रोडांची जाळी असते. बोट टेकलं की तिथली कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, अगदी किंचित बदलते, आणि त्या बदलावरून आतली चिप बोटाची जागा ठरवते. चार्जर स्विचिंग प्रकारचा असतो. त्यात २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम घातलेला असतो, वाय कपॅसिटर. चार्जरची खरखर रेडिओत वगैरे जाऊ नये म्हणून तो लागतो. त्यातून अगदी थोडा करंट पलीकडे झिरपतो. अर्थिंग असेल, म्हणजे बोर्डातून जमिनीत जाणारी वायर असेल, तर तो तिकडून निघून जातो. नसेल तर लॅपटॉपची बॉडी अधांतरी राहते आणि तिचा व्होल्टेज घरच्या विजेबरोबर वरखाली होतो. मीटर लावलात तर कधीकधी शंभरच्या आसपास व्होल्ट दिसून घाबरायला होईल, पण त्यामागे करंट मायक्रोॲम्पिअरमध्ये असतो, मुंग्यांपलीकडे त्याची मजल जात नाही. (खरोखर झटका बसत असेल तर गोष्ट वेगळी. तो चार्जर त्या क्षणी भिंतीतून काढा आणि पुन्हा लावू नका.) आपण जमिनीवर उभे, लॅपटॉप अधांतरी, आणि दोघांच्या मध्ये टचपॅडवर टेकलेलं बोट. चिप जो बारीक बदल मोजायला बसली आहे त्याच्यापेक्षा हा गोंगाट मोठा होतो. दुसरा हात बॉडीवर ठेवला की आपण आणि लॅपटॉप जवळजवळ एका पातळीवर येतो, म्हणून कर्सर शांत.

लॅपटॉपबरोबर आलेल्या चार्जरला तीन पिनांची वायर होती. तरीही हे का होत होतं? कारण आमच्या स्विचबोर्डात तिसरं, मोठं भोक होतं, पण त्याच्यामागे वायरच नव्हती. जुन्या घरांमध्ये हे सर्रास सापडतं. शिवाय लोक तीन पिनांचा टॉप दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसतात, काही जण मोठी पिन सरळ मोडून टाकतात. मी प्रवासासाठी एक छोटा गॅन चार्जर (गॅलियम नायट्राइडच्या चिपवर चालणारा, म्हणून आकाराने लहान) घेतला आहे. त्याला मुळात दोनच पिना, म्हणजे अर्थिंगला जोडायची सोयच नाही. त्याच्यावर थरथर मूळ चार्जरपेक्षाही जास्त. सगळ्या दोन पिनी चार्जरांचं असं होतंच असं नाही, आतल्या डिझाइनवर बरंच अवलंबून असतं. पण मेटल बॉडीचा लॅपटॉप आणि स्वस्त दोन पिनी चार्जर ही जोडी मी कुणाला सुचवणार नाही.

वायरमनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी अर्थच्या भोकात लावली, दिवा पेटलाच नाही. अर्थिंग चालू असतं तर तो भक्क पेटायला हवा. मल्टिमीटरने बघायचं तर फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ पूर्ण २३० दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. हे घरच्या घरी करायचं काम नाही, त्यासाठी माहितगार माणूस बोलवा. आणि त्याने 'ताई, कशाला खड्डा खणताय, न्यूट्रलमधूनच एक तुकडा अर्थच्या पिनेला मारून देतो' असं म्हटलं तर हात जोडून नको म्हणा. आमच्याकडेही ही सूचना आलीच होती. कर्सर त्याने शांत होईलही, पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर त्या सॉकेटला लावलेल्या फ्रीजपासून लॅपटॉपपर्यंत प्रत्येक धातूच्या बॉडीत फेज येतो. कर्सरपायी घरातल्या माणसाचा जीव घालवायचा काही अर्थ नाही.

शेवटी परसात रीतसर अर्थिंग केलं: खड्डा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, मीठ-कोळसा, आणि तिथून बोर्डापर्यंत हिरवी वायर. कातळ फोडायची मजुरी पाइपाच्या किमतीहून जास्त झाली. त्याच दमात मेन बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला, तो कर्सरसाठी नव्हे, माणसांसाठी. त्या संध्याकाळपासून तीन पिनी चार्जरवर थरथर गेली, टेस्टरही पेटेना. गॅन चार्जर मात्र अजूनही तसाच, त्याला अर्थिंगची वाटच नाही. तो आता फोनला लागतो.

इथे कंपनीला मी अर्ध्यापुरतं माफ करते. घराचं अर्थिंग ही तिची जबाबदारी नाही, मान्य. पण भारतात विकताना अशी घरं असणार हे गृहीत धरून टचपॅडची चिप आणि चार्जर निवडता येतात. माझा आधीचा प्लॅस्टिक बॉडीचा लॅपटॉप याच बोर्डावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला.

दुसरी तक्रार याहून वेगळी, आणि ती पूर्णपणे लॅपटॉपची. टायपिंग करता करता टेक्स्टचा कर्सर, म्हणजे ती लुकलुकणारी उभी रेघ, भलत्याच ओळीत जाऊन बसायची. 'परिच्छेद' लिहायला घ्यावा आणि 'च्छेद' वरच्या शीर्षकात उमटावा. इथे चार्जर असो-नसो, फरक नाही. टचपॅड इतका रुंद आहे की अंगठ्याखालचा मांसल भाग त्यावर टेकतोच, आणि लॅपटॉपला तो टॅप वाटतो. कळा दाबल्यावर थोडा वेळ टॅप दुर्लक्षित ठेवायची सोय विंडोजमध्ये आहे. अडचण अशी की भाषांतर करणारा माणूस शब्दासाठी थांबतो. तो थांबला की ती मुदत संपते आणि नेमका तेव्हा तळवा टेकतो.

विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, टचपॅड, टॅप्स असं आत गेलं की सेन्सिटिव्हिटीच्या चार पायऱ्या दिसतात. 'मीडियम'वरून 'लो'वर आणल्यावर उड्या बऱ्याच कमी झाल्या. पुरत्या थांबल्या त्या टॅप करून क्लिक करायची सोयच बंद केल्यावर. आता क्लिकसाठी टचपॅड दाबावा लागतो, 'टक' असा आवाज येतो, रात्री घरात कुणी झोपलेलं असलं की तो टोचतो. पण प्रुफं बिघडण्यापेक्षा हे परवडलं. त्याच पानावर माउस जोडल्यावर टचपॅड बंद ठेवायचाही पर्याय आहे. लांबलचक टायपिंगला मी तोच वापरते.

माउसनेही आपला हिसका दाखवलाच. २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस माउस, त्याचा डोंगल (लॅपटॉपमध्ये खोचायचा छोटा रिसीव्हर) उजव्या पोर्टमध्ये, आणि शेजारच्या पोर्टला बॅकअपची यूएसबी ३ एसएसडी. बॅकअप सुरू झाला की कर्सर अडखळत चालायचा. यूएसबी ३च्या वायरी आणि पोर्टमधून नेमक्या त्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट निघतो, इंटेलने २०१२मध्येच यावर टिपण काढलं होतं. डोंगल डाव्या बाजूला नेला, काम झालं. तेही जमत नसेल तर हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन केबल पुरते. काचेच्या टेबलावर माउस उडत असेल तर त्याखाली वर्तमानपत्र घाला. ऑप्टिकल सेन्सरला पृष्ठभागावरचं बारीक पोत दिसावं लागतं, स्वच्छ काचेत ते नसतं.

पावसाळ्याबद्दल एक ओळ: आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सगळंच दमट, बोटं ओलसर, आणि पाण्याचा थेंबही टचपॅडला बोटासारखाच वाटतो. शेजारी कोरडा रुमाल ठेवते. ड्रायव्हरचा इथे काही संबंध नाही.

हात न लावताही ज्यांचा कर्सर फिरतो त्यांनी अर्थिंगच्या मागे लागू नये. टचस्क्रीनचा लॅपटॉप असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एचआयडी कम्प्लायंट टच स्क्रीन बंद करून बघा, पुष्कळदा पडद्याची कड दाबली गेलेली असते. कीबोर्डच्या मध्ये कर्सर हलवायचा लाल ठिपका असलेल्या लॅपटॉपवर कर्सर हळूहळू एकाच दिशेला सरकत असेल तर बोट काढून काही सेकंद थांबा, तो स्वतःचा शून्य पुन्हा लावून घेतो. आणि टचपॅड एका बाजूने वर आल्यासारखा वाटत असेल, क्लिक होत नसेल, झाकण नीट मिटत नसेल, तर लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका. पुष्कळ लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या खालीच बॅटरी असते, आणि ती फुगली की पहिली तक्रार पुष्कळदा कर्सरचीच येते. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घंटागाडीत टाकायची नाही. सर्व्हिस सेंटरलाच द्यायची.

घ्यावा की नाही? फ्लॅटमध्ये राहत असाल, वायरिंग नवं असेल, तर जरूर घ्या. कीबोर्डसाठीच घ्या. जुनं घर असेल तर दुकानातून बॉक्स आणायच्या आधी वायरमनला एकदा बोर्ड दाखवा. अर्थिंगचा खर्च लॅपटॉपच्या हिशेबात धरला तर तो स्वस्त राहत नाही, पण तो खर्च लॅपटॉप नसतानाही करायचाच होता. वायरमन जाताना सांगून गेलाय की अर्थिंगला ओल लागते आणि जांभा एप्रिल-मेमध्ये खडखडीत वाळतो, तेव्हा खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. काम आत्ता मार्चमध्येच सुरू केलंय, नळाचं पाणी येतं त्या दिवशी.