नेट-सेट क्लास, जळगाव : रायबोझोम वसूल, झेरॉक्स फालतू

चोपड्याहून दर रविवारी एसटीनं येते. फी दणकून आहे, पण मायक्रोबायोलॉजीच्या बॅचमध्ये सरांनी रायबोझोम (पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना) शिकवला तिथेच पैसे फिटले. पाठांतर नाही, सरळ हिशेब: ई. कोलाय हा जीवाणू सकस माध्यमात वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो, तेव्हा एका पेशीत 70,000 च्या आसपास रायबोझोम. माध्यम निकृष्ट, दुप्पट व्हायला 100 मिनिटं, तर जेमतेम सात हजार! रायबोझोमच्या 16एस आरएनएवर 21 प्रथिनं ठरावीक क्रमानं बसत 30एस, म्हणजे त्याचा लहान भाग, कसा उभा राहतो, ते फळ्यावर एकेक करून काढलं. थंडीत आरएनए चुकीच्या घडीत अडकतो, ती घडी सोडवायला हेलिकेज नावाची विकरं लागतात. अमिनो आम्लं संपली की पीपीजीपीपी हा उपासमारीचा इशारा देणारा रेणू वाढतो आणि आरआरएनए (रायबोझोमचा आरएनए) बनणंच मंदावतं. (हे सगळं मे महिन्यात, बंद कूलरखाली.)

नोट्स मात्र झेरॉक्सची झेरॉक्स. 50एसच्या (रायबोझोमच्या मोठ्या भागाच्या) आकृतीत प्रथिनांचे आकडे म्हणजे नुसते काळे डाग. ऑफिसात सांगितलं तर म्हणे, "ताई, आकृती परीक्षेला येत नाही." येते हो भाऊ! डेमो लेक्चर फुकट आहे, आधी ते बसून बघा. आणि बॅच सकाळचीच घ्या.