गेट-ग्रिलचा ऑइलपेंट घेताय? डबा लहानच घ्या

मागच्या दिवाळीआधी इतवारीतल्या एका जुन्या हार्डवेअरवाल्याकडून एशियन पेंट्सचा अ‍ॅपकोलाइट ग्लॉस इनॅमल, म्हणजे चकाकीवाला ऑइलपेंट, घेतला होता, स्मोक ग्रे, गेट आणि खिडक्यांच्या ग्रिलसाठी. आता नागपूरचा अख्खा उन्हाळा न् पावसाळा झाल्यावर लिहितोय. चकाकी थोडी उतरली, पण गंज कुठेच फुटला नाही, मी तर खूश आहे.

पण खरं श्रेय त्या दुकानदार भाऊंचं. रंग दाखवायच्या आधी त्यांनी विचारलं, साधं लोखंड आहे की जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं? कारण जीआयच्या जस्तावर थेट ऑइलपेंट मारला की आतल्या आत साबणासारखा थर तयार होतो न् रंग पोपडे धरून निघतो, तिथे आधी जीआयचा वेगळा प्रायमर लागते. साध्या लोखंडाला वायर ब्रश, पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साइड प्रायमर. आणि पातळ करायला टर्पेंटाइनच, एनसी थिनर (लॅकरसाठीचा जहाल थिनर) अजिबात नाही, त्याने खालचा कोट उचलून येतो. लहान लेकरं असतील तर शिशाचंही बघा, 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आहे, डब्यावर तसं लिहिलेलं नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

मी 4 लिटरचा डबा मागत होतो, स्वस्त पडते म्हणून. भाऊ म्हणाले एक लिटरचे घ्या, कमी पडला तर या परत. एकदम बरोबर सल्ला, कारण हा रंग नुसता उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, म्हणजे अर्ध्या रिकाम्या डब्यात जेवढी हवा तेवढी साय जाड, आणि मोठ्या डब्यातले वाचवलेले पैसे तिथेच जातात. टचअपला तर 200 मिलीचा डबापण मिळते.

उरलाच तर लहान बरणीत काठोकाठ भरा, वरून चमचाभर टर्पेंटाइन सोडा, ढवळू नका. डब्यातच ठेवायचा तर काठ पुसून झाकणावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका, थेट हातोडी मारली की झाकण वाकते न् हवा शिरते. साय आलीच तर कापून अख्खी काढा, खालचा रंग जुन्या ओढणीतून गाळा, चालतो. गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत डबे ठेवूच नका हो, मे महिन्यात बाहेरच 45 च्या वर पारा असते, आत काय होत असेल! गॅसजवळ, देवघराजवळही नको.

आणि रंग पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेलकट चिंध्यांच्या ढिगाला आपोआप आग लागू शकते. मोकळ्यावर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच कचऱ्यात.