आधी कोल की आधी मॅके?

घरात सतत चित्रं काढणारं पोर आहे, त्याला अ‍ॅनिमेशनची सुरुवात कुठून झाली ते दाखवायचंय, पण आधी काय लावावं ते ठरत नाही? माझ्या मते निवड दोघांतच आहे: पॅरिसचे एमील कोल आणि न्यूयॉर्कचे विन्सर मॅके. दोघेही मुळात छापील व्यंगचित्रं काढणारे. (अमेरिकेत ब्लॅकटन यांनी १९०६ मध्येच फळ्यावर खडूचे चेहरे हलवले होते, पण ते नंतर पाहिलं तरी चालेल.)

कोल यांची ‘फांतास्मागोरी’ १९०८ ची. जेमतेम दीड-दोन मिनिटांची. सुमारे सातशे चित्रं, प्रत्येक कॅमेऱ्याने दोनदा टिपलेलं. रेघा काळ्या फळ्यावर खडूने ओढल्यासारख्या दिसतात, पण चित्रं पांढऱ्या कागदावर काळ्या शाईची आहेत. पडद्यावर दाखवलीय ती निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालेली. गोष्ट अशी नाहीच. एक विदूषक, आणि एका वस्तूतून दुसरी वस्तू उमलत जाते. थिएटरात पुढे बसलेल्या बाईची भली मोठी टोपी आड येते म्हणून मागचा माणूस तिची पिसं उपटतो, तो प्रसंग मुलं हमखास परत लावायला सांगतात. कोल यांनी त्याच वर्षी आगकाड्याही नाचवल्या. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये तोच खेळ केला, ‘आगकाड्यांची मौज’.

मॅके यांची ‘गर्टी’ १९१४ ची, आणि तिच्यात माझा जीव अडकलाय. ही डायनोसॉरीण लाजते, हट्ट करते, रागावलं की रडते, तहान लागली की अख्खं तळं पिऊन टाकते. एकदा तिच्या श्वासाकडे बघा. ती नुसती उभी असते तेव्हाही पोट वरखाली होतं. त्यासाठी मॅके यांनी स्वतःचे श्वास घड्याळ लावून मोजले होते. मग मागच्या डोंगराकडे बघा. त्याच्या रेघा सारख्या थरथरतात, कारण पारदर्शक सेलची पद्धत (मागचं दृश्य एकदाच काढायचं आणि हलणारी चित्रं त्यावर पारदर्शक पत्र्यांवर ठेवायची) तेव्हा रुळली नव्हती आणि मदतनीस प्रत्येक कागदावर तोच डोंगर, तेच तळं पुन्हा गिरवत होता. हजारो वेळा.

स्वतः अ‍ॅनिमेशन करून बघायचं असेल तर कोल आधी. साध्या रेघेच्या माणसांवर किती भागतं ते कळतं आणि वहीच्या कोपऱ्यात त्याच संध्याकाळी सुरुवात करता येते. मॅकेंची कारागिरी बघून नवशिका दबून जाऊ शकतो. पण पोर लहान असेल, किंवा तुम्हाला नुसतं बघायचंच असेल, तर मी डोळे झाकून गर्टी सांगेन.

फक्त एक करा. सुरुवातीचा जेवणावळीचा आणि पैजेचा भाग सोडून द्या. तो सिनेमा थिएटरसाठी मागाहून जोडलेला आहे आणि मुलं कंटाळतात. नंतर चढवलेलं संगीतही बंद करा. मूळ रंगमंचावरच्या खेळात मॅके स्वतः हातात चाबूक घेऊन पडद्याशेजारी उभे राहायचे आणि गर्टीला हुकूम सोडायचे. ती जागा तुम्ही घ्या. पडद्यावर मजकुराची पाटी आली की मोठ्याने म्हणा, ‘गर्टे, उजवा पाय वर कर बघू!’ ती पाय उचलते तेव्हा पोराचा चेहरा बघा.