मेडिकलला फार्मासिस्ट हवाय: सांगली-मिरजेत कोणती सेवा कामाला येते?

सांगली-मिरजेत मेडिकलसाठी माणूस शोधायचा तर आज हाताशी पुष्कळ काही आहे. अपना, वर्कइंडियासारखी मोबाइल ॲप आहेत, नोकरी आणि इंडीडसारखी मोठी संकेतस्थळं आहेत, सरकारचं महास्वयम हे रोजगार पोर्टल आहे. त्याशिवाय गावातल्या प्लेसमेंट कन्सल्टन्सी, पेपरातली छोटी जाहिरात आणि केमिस्ट लोकांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेतच. या सगळ्यांना इथं एकच माप लावलं आहे: रजिस्टर्ड फार्मासिस्ट, म्हणजे राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंद असलेला, मिळतो का, आणि मिळाला तर टिकतो का.

निकाल आधीच सांगतो. काउंटर, बिलिंग आणि डिलिव्हरीच्या मुलांसाठी मोबाइल ॲपला पाचपैकी चार गुण. फार्मासिस्टसाठी त्याच ॲपला दोन. कन्सल्टन्सीला अडीच, तेही करार नीट लिहून घेतला तर. सगळ्यात जास्त गुण ज्या वाटेला जातात ती सेवा म्हणून कुणी विकतच नाही: फार्मसी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आपल्या दुकानात ठेवणं.

ॲपपासून सुरुवात करू. जाहिरात टाकायला वेळ लागत नाही आणि उमेदवाराचा फोन थेट येतो, हा मोठा फायदा. गडबड होते ती जागेच्या नावात. ‘मेडिकल स्टोअर स्टाफ’ असं लिहिलं की नर्सिंग केलेली मुलं, लॅब टेक्निशियन, एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, नोकरी शोधणारे सगळे फोन करतात, आणि दोन दिवस नुसते ‘नाही’ म्हणण्यात जातात. दुसरी चूक जिल्ह्याच्या फिल्टरची. ‘सांगली जिल्हा’ निवडला की जयसिंगपूर, शिरोळकडची मुलं गळतात, कारण तो जिल्हा कोल्हापूर. उलट जतची मुलं यादीत येतात, आणि त्यांना रात्री दहाला दुकान बंद करून घरी जाणं शक्य नसतं. म्हणून जिल्हा नको, अंतर निवडा. मिरजेच्या दुकानाला पंधरा किलोमीटर पुरेत.

जाहिरातीचा मजकूर असा असावा (डी.फार्म. म्हणजे फार्मसीची पदविका, बी.फार्म. म्हणजे पदवी, आणि मार्ग हे बिलिंगचं सॉफ्टवेअर): ‘मिरज, हॉस्पिटलजवळचं मेडिकल. डी.फार्म. किंवा बी.फार्म., महाराष्ट्र कौन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन असलेले. वेळ दुपारी २ ते रात्री १०, आठवड्याची सुट्टी बुधवारी. पगार अमुक ते अमुक. मार्ग सॉफ्टवेअर येत असल्यास उत्तम, नसल्यास शिकवू.’ पगार आणि सुट्टी लिहिलेली जाहिरात कमी फोन आणते, पण कामाचे फोन आणते. ‘पगार योग्यतेनुसार’ हे शब्द फार्मासिस्ट लगेच ओळखतो आणि पुढं सरकतो.

फार्मासिस्ट न टिकण्याचं खरं कारण मात्र ॲपमध्ये नाही, आपल्या वेळापत्रकात आहे. सकाळी नऊ ते रात्री दहा दुकान उघडं असेल तर दिवसाचे १३ तास, आठवड्याचे ९१. प्रिस्क्रिप्शनचं काउंटर उघडं तितका वेळ फार्मासिस्ट हवा, आणि एका माणसाचे आठवड्याचे तास ४८ धरा. म्हणजे एका फार्मासिस्टवर हे दुकान चालूच शकत नाही, दोन लागतात. मिरजेत हॉस्पिटलच्या दारातलं चोवीस तासांचं मेडिकल असेल तर आठवड्याचे १६८ तास होतात. भागाकार साडेतीन येतो, म्हणजे चार माणसं. मालक स्वतः फार्मासिस्ट असेल तर एक कमी. हा हिशेब न करता ‘एक फार्मासिस्ट पाहिजे, सकाळी ९ ते रात्री १०’ अशी जाहिरात दिली, तर कुठलीही सेवा वापरा, माणूस तिसऱ्या महिन्यात जाणार. साखळी दुकानं इथंच बाजी मारतात. अपोलो, मेडप्लससारख्यांकडे ठरलेली शिफ्ट असते, पीएफ कापला जातो, ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी विम्याचं, कार्ड मिळतं. वीसपेक्षा कमी माणसांच्या दुकानाला पीएफ आणि दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला ईएसआय सक्तीचं नाही. पण ठरलेली शिफ्ट, हक्काची सुट्टी आणि लेखी नेमणूकपत्र द्यायला कुठला कायदा आड येतो?

कन्सल्टन्सीची फी बहुधा एका महिन्याच्या पगाराइतकी असते. वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के म्हणतात, ते हेच. पैसे द्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टी कागदावर घ्या. फी माणूस रुजू झाल्यावर, नाव पाठवल्यावर नव्हे. सोडून गेला तर बदली किती दिवसांत आणि किती वेळा. आणि रजिस्ट्रेशन तपासण्याची जबाबदारी कुणाची. तिसरा मुद्दा आपल्या भागात फार महत्त्वाचा. सीमा जवळ असल्यानं अथणी, चिक्कोडीकडचे उमेदवार मिरजेला सहज येतात, हुशारही असतात, पण त्यांची नोंद कर्नाटकच्या कौन्सिलकडे असते. फार्मसी कायदा, १९४८ मध्ये रजिस्टर्ड फार्मासिस्टची व्याख्या तो जिथं राहतो किंवा व्यवसाय करतो त्या राज्याच्या रजिस्टरशी जोडलेली आहे. तेव्हा आधी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंद, मग आपलं काउंटर. कन्सल्टन्सीच्या बायोडेटावर नुसतं ‘रजिस्टर्ड’ लिहिलेलं असतं, राज्य लिहिलेलं नसतं.

माणूस कुठूनही येवो, तपासणी आपणच करायची. मूळ प्रमाणपत्र बघा, झेरॉक्सवर थांबू नका. नूतनीकरणाची तारीख बघा. आधीच्या दुकानाचं राजीनामापत्र घ्या आणि त्या दुकानाच्या लायसन्सवरून त्याचं नाव निघालं आहे याची खात्री करा. नाव तिकडंच अडकलं असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तुमचा अर्जही अडकतो. फॉर्म २० च्या, म्हणजे औषध विक्रीच्या लायसन्सच्या, अटींप्रमाणे जबाबदार फार्मासिस्ट बदलला की महिन्याच्या आत कळवावं लागतं, आणि हे कागद जमवण्यात तो महिना बघता बघता संपतो.

याच ठिकाणी कुणीतरी ‘सर्टिफिकेट लावून देतो’ म्हणत येतो. नाव भिंतीवर, माणूस दुसऱ्याच गावी. ही सेवा नाही आणि तिला गुण देण्याचा प्रश्नच नाही. शेड्यूल एचवन या सरकारी यादीतली औषधं, जशी अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, ताकदीची काही अँटिबायोटिक, १ मार्च २०१४ पासून वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागतात: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही तीन वर्षं सांभाळायची. तपासणीच्या दिवशी ती वही कुणाच्या अक्षरात आहे, हे लगेच दिसतं. आणि तपासणी नाही आली तरी चुकीची गोळी हातात पडणारा रुग्ण आपल्याच गल्लीतला असतो.

आता ट्रेनिंगची वाट. डी.फार्म.च्या विद्यार्थ्याला दोन वर्षांच्या अभ्यासाबरोबर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण करावं लागतं, ते तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकता येत नाही, आणि त्यातले निदान २५० तास प्रिस्क्रिप्शनप्रमाणे औषध देण्यात जायला हवेत. लायसन्स असलेल्या मेडिकलमध्ये ते करता येतं. सांगलीत, आष्ट्याला, कासेगावला, तिकडं कराड-साताऱ्यात फार्मसी कॉलेजं आहेत. प्राचार्यांना किंवा ट्रेनिंग बघणाऱ्या सरांना पत्र द्या: दुकानाचं नाव, लायसन्स क्रमांक, कोण शिकवणार, किती मुलं घेणार. दोनपेक्षा जास्त घेऊ नका, गर्दीत कुणीच शिकत नाही. परीक्षा संपायच्या आधी पत्र पोचलं तर चांगली मुलं मिळतात, निकालानंतर उरलेली.

तीन महिन्यांत मुलगा किंवा मुलगी कशी आहे हे जितकं कळतं तितकं कुठल्याच मुलाखतीत कळत नाही. पण इथं एक खड्डा आहे. ट्रेनिंग संपलं म्हणजे फार्मासिस्ट झाला असं नाही. कौन्सिलची नोंद व्हायची असते, त्यात २०२२ च्या नियमांनी डी.फार्म.साठी एक्झिट परीक्षाही आणली आहे. तोवर त्याच्या भरवशावर काउंटर सोडता येत नाही. मधल्या काळात त्याला सहायक म्हणून पगारावर ठेवा, कारण याच महिन्यांत तो दुसरीकडं जातो.

ॲप किंवा कन्सल्टन्सीकडून अनोळखी माणूस आलाच तर तासाभराची चाचणी घ्या. वाचायला अवघड अशी दहा औषधांची चिठ्ठी द्या. मेटोप्रोलोल (रक्तदाबाचं) आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचं) यांत जरा जरी शंका आली तर तो डॉक्टरला फोन करतो की अंदाजानं काढतो, ते बघा. फोन करणारा घ्यायचा, वेळ लागला तरी. दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कापायला सांगा. बॅच आणि एक्स्पायरी छापलेला भाग दुकानातल्या तुकड्यावर ठेवणारा आधी काम केलेला असतो. इन्सुलिन कुठं ठेवायचं विचारा. ‘फ्रीजमध्ये’ हे अर्धं उत्तर. दोन ते आठ अंश, फ्रीझरला चिकटवून नाही, हे पूर्ण उत्तर. शेवटी एक रॅक दाखवून पुढच्या तीन महिन्यांत एक्स्पायर होणारा माल बाहेर काढायला सांगा.

छोट्या जाहिरातीचं थोडक्यात: पेपर आजही तासगाव, विटा, पलूसकडं वाचला जातो, आणि सांगलीत खोली घेऊन राहायला तयार असलेला माणूस तिथूनच येतो. रविवारी द्या. व्हॉट्सॲप ग्रुप जपून वापरा, तिथं टाकलेली जागा म्हणजे शेजारच्या दुकानदाराच्या माणसाला दिलेलं आमंत्रण होतं आणि संबंध बिघडतात. त्यापेक्षा डिस्ट्रिब्युटरच्या सेल्समनला सांगा. तो दिवसाला पंचवीस काउंटर फिरतो, कुणाला घराजवळ काम हवंय ते त्याला ठाऊक असतं. महास्वयमवर नोंद मोफत आहे, टाकून ठेवायला काही जात नाही.

नेमणूकपत्रात दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस लिहाच. फार्मासिस्ट अचानक गेला तर दुसरा उभा राहीपर्यंत प्रिस्क्रिप्शनचं काउंटर बंद ठेवावं लागतं. त्याच पत्रात पगाराची तारीखही लिहा, आणि ती पाळा.